चौथ्या अंड्यातलं पिल्लू

खोली बघायला गेले त्या दिवशी घरमालक काकांनी मला नोकरी विचारली नाही, गाव विचारलं नाही, मी काय खाते-पिते तेही विचारलं नाही. दारातच उभं करून एकच प्रश्न केला, "पालींका भियतंस?"

मी खरं ते सांगितलं. भिते. लहानपणी एकदा अंगावर पडली होती, तेव्हा आईने मला नेसत्या कपड्यांनिशी मोरीत बसवून आंघोळ घातली होती.

"मग चलात," काका म्हणाले. "भिणारी माणसां उगाच हात लावूक येनत नाय."

अशी मी मुंबईत चारकोपच्या एका सेक्टरातल्या त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत राहायला आले आणि साडेतीन वर्षं राहिले. खाली काका एकटेच असत. एकटे म्हणजे ते आणि त्यांच्या पाली.

या आपल्या भिंतीवरच्या पाली नव्हेत. वीतभर लांब, पिवळ्या अंगावर काळे ठिपके, शेपूट मुळ्यासारखी जाड. इंग्रजीत लेपर्ड गेको म्हणतात. काकांनी त्याचं 'बिबटी' करून टाकलं होतं. बिबटीला भिंत चढता येत नाही आणि ती डोळे मिटते. घरातल्या पालीला पापणीच नसते, ती जिभेने डोळा पुसते. बिबटीला मात्र माणसासारख्या पापण्या असतात. घरी येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला काका हे सांगत. गॅसवाल्यालासुद्धा. "ही झोपता तेव्हा झोपल्यासारखी दिसता. भिंतीवरची मेली सगळा बघत रवता."

काका मूळचे कुडाळकडचे. वर्सोव्याला बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात त्यांनी पस्तीस वर्षं मशीन सांभाळलं. होड्यांना बर्फ पुरवायचा, आणि ते मशीन दिवसरात्र चालू राहिलं पाहिजे. नोकरी संपल्यावर सेक्टरातले फ्रिज दुरुस्त करायला लागले. एरवी बोलणं साधं मुंबईचं, पण राग आला किंवा माया आली की मालवणी. दोन्ही गोष्टी त्यांना दिवसातून बऱ्याचदा येत.

त्यांचं सगळं जग अंशांवर चालायचं. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी बारीक दांडीचा थर्मामीटर. चहा समोर आला की आधी तो चहात बुडायचा. "अडुसष्ट. थांब जरा." बासष्टला पहिला घोट. माणसांनाही ते असेच आकडे द्यायचे. पलीकडच्या गल्लीतला हसरा इस्टेट एजंट म्हणजे "वरून सदतीस, आत शून्य". एकदा मी फोनवर ऑफिसातल्या कोणाशी तरी कडाकडा भांडत होते, तर जिन्याखालून आवाज आला, "गो, चाळीसच्या वर जाव नको. त्याच्या वर काय टिकणा नाय."

आणि अशा माणसाच्या घरात चालू फ्रिज नव्हता. मासळी रोजची रोज आणायची, केली की संपवायची. "पस्तीस वर्षां लोकांका बर्फातली मासळी खावक घातलंय," ते म्हणायचे. "ती कशी असता ता माका म्हायती." घरात होता तो एकच, हिरवट रंगाचा जुना सिंगल डोअर फ्रिज. त्याचं थंड करणारं सगळं पोट काढून टाकलेलं, आत गरम होणारी तार आणि एक थर्मोस्टॅट बसवलेला. बिबटीची अंडी त्यात उबायची. दारावर हात ठेवून काका म्हणत, "जन्मभर थंड केलंय. आता जरा उबवतंय."

परदेशी प्राणी घरात असला की सरकारदरबारी नोंद करावी लागते, हे कळल्यावर काका स्वतः कागद घेऊन गेले होते. ही हकिकत ते रंगवून सांगत. तिथल्या साहेबांनी विचारलं, प्राणी कोणता? काका म्हणाले, पाल. साहेब म्हणाले, "आजोबा, पाल माझ्याही घरात आहे. मी कुठे नोंद करू?" मग काकांनी खिशातून फोटो काढला. साहेबांनी तो बराच वेळ बघितला आणि विचारलं, "ही हसते का हो?" काकांना तो माणूस आवडला. त्याला त्यांनी सत्तावीस दिले.

बिबट्या त्यांच्याकडे आल्या त्या फिलोमिनाबाईंमुळे. चारकोपच्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये फिलोमिनाबाईंचा प्लॅस्टिकचे डबे बनवण्याचा गाळा आहे. गोराईच्या जुन्या ख्रिस्ती घरातल्या, पन्नाशीच्या, बोलायला एकदम सडेतोड. गाळ्याच्या पोटमाळ्यावर त्या कितीतरी वर्षं या पाली वाढवताहेत. त्यांचं अंडी उबवायचं यंत्र बिघडलं, तेव्हा फ्रिजवाल्याला थर्मोस्टॅट कळत असेल म्हणून त्यांनी काकांना बोलावलं. काकांनी यंत्र उघडलं, नाक मुरडलं, आणि आठवड्याने जुन्या फ्रिजचं नवं यंत्र करून दिलं. त्याबद्दल बाईंनी एक नर आणि एक मादी दिली. मग काकांनी तसंच यंत्र स्वतःसाठीही केलं.

मी राहायला आले त्याच वर्षी त्या जोडीची पहिली अंडी झाली. एका वेळी दोन, पांढरी, चामड्यासारख्या मऊ कवचाची. ती फिरवायची नसतात, आतलं पिल्लू गुदमरतं. म्हणून काका प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर पेन्सिलीने बारीक टिंब काढत आणि परलाइटवर, म्हणजे कुंड्यांच्या मातीत घालतात त्या पांढऱ्या ओलसर दाण्यांवर, तशीच ठेवत. फ्रिजच्या दारावर मार्करने लिहीत, कुठलं अंडं, किती अंशांवर.

आतलं पिल्लू नर होणार की मादी, हे या पालींत उबेवर ठरतं. सव्वीसच्या आसपास ठेवली तर बहुतेक माद्या, साडेबत्तीसला बहुतेक नर. ही बातमी गल्लीत फुटल्यावर समोरच्या घरातल्या एक बाई लाजत लाजत विचारायला आल्या, "काका, माणसाचं असं काही करता येतं का हो? सुनेला दोन मुलीच आहेत." काकांनी त्यांना चहा दिला, बासष्टला आला तेव्हा प्यायला लावला, आणि मग म्हणाले, "माणसाचा तसा नसता. आणि असता तरी तुमका सांगलंय नसतंय." त्या दिवशी ते बराच वेळ चिडलेले होते. मला वाटलं, तत्त्वाचा माणूस आहे. खरं कारण मला पुढे दीड वर्षाने कळलं.

पहिल्या तीन अंड्यांतली पिल्लं आईबापांसारखी निघाली. करंगळीएवढी, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची. डोळे राखाडी-सोनेरी, मधे उभी काळी फट. चौथं अंडं फुटलं तेव्हा काकांनी मला हाका मारमारून खाली बोलावलं. या पिल्लाच्या डोळ्यांत राखाडी नव्हतं, सोनेरी नव्हतं, फटही नव्हती. नुसते दोन काळे मणी, पिकल्या करवंदासारखे. मी पाली बघून मागे सरकणारी बाई, पण त्या पिल्लाकडे बघून मला पहिल्यांदाच 'अय्या' म्हणावंसं वाटलं.

काकांचा चेहरा मात्र उतरला होता. त्यांनी पिल्लू छोट्या डबीत घातलं, चपला घातल्या, आणि रविवारच होता म्हणून मलाही सोबत ओढलं. फिलोमिनाबाई गाळ्यात हिशोब बंद करून डबे मोजायला बसल्या होत्या.

"तुमचो दुसरो नर ह्याच्या आवशीकडे गेल्लो," काकांनी डबी त्यांच्यासमोर ठेवली. "पालींचे डबे साफ करताना कधीतरी."

"कोणीपण गेला नाही," बाई म्हणाल्या. "ती मादी मी अंड्यातून निघाल्यापासून एकटी वाढवली. तुमच्याकडे आली तेव्हा पहिल्यांदा तिने नर बघितला."

"मग ह्या डोळे कोणाचे? आवशीचे असे नाय, बापाशीचे असे नाय."

"दोघांचे." बाईंनी दोन कागदाचे कपटे फाडले. "हे बघा काका. डोळ्यांच्या रंगाची चिठ्ठी प्रत्येकाकडे दोन-दोन. एक आईकडून आलेली, एक बापाकडून. ही काळ्या डोळ्याची चिठ्ठी एकटी असली की गप्प बसते. कोणाला दिसत पण नाही. आई तिची एक चिठ्ठी पिल्लाला देते, बाप त्याची एक देतो. दोघांनी नेमकी तीच दिली, की मग डोळा काळा. चारांत एखादं निघतं असं."

"म्हणजे नराकडेपण ती व्हती?"

"अर्धं त्याचंच आहे ना. नसती, तर हे पिल्लू झालंच नसतं." आणि मग बाई हसत म्हणाल्या, "बिचारीवर कशाला आळ घेता, काका?"

काकांनी डबी उचलली आणि निघाले. घरी आल्यावर मी चहा केला. त्यांनी थर्मामीटर न लावताच तो तोंडाला लावला, जीभ भाजली, तरी कप खाली ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघाले, तर ते जिन्याशी उभे. एकदम टवटवीत. "टेंपरेचर," म्हणाले. "चिठ्ठी-बिठ्ठी काय नाय. त्या अंड्याच्या टायमाक दोन दिवस तार जळलेली. आतलां टेंपरेचर पडलां. म्हणान डोळे काळे."

त्यानंतर दोन हंगाम काकांनी हाच एक ध्यास घेतला. दोन थर्माकोलच्या खोक्यांना तारा लावून आणखी दोन यंत्रं केली. एक सव्वीसवर, एक साडेएकोणतीसवर, एक साडेबत्तीसवर. त्याच जोडीची अंडी तिन्हींत वाटून ठेवायची. माझं काम पिल्लांच्या रंगांच्या छटा सांगण्याचं आणि इंग्रजी वाचून दाखवण्याचं. अंधेरीला एका स्टुडिओत मी परभाषेतल्या मालिकांचे संवाद मराठीत आणायचं काम करते. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडी शब्द घालायचे, आणि संध्याकाळी काकांच्या ओट्यावर बसून फोनवर पालींची माहिती वाचायची. काका मधेच थांबवत, "परत वाच. टेंपरेचरचा काय म्हणता?"

टेंपरेचरचं म्हणणं असं होतं, की थंडाव्यात उबलेली पिल्लं अंगाने गडद होतात, जास्त ऊब मिळाली की फिकी, उजळ. डोळ्यांची छटाही थोडी तशीच सरकते. आमच्या घरीही तेच दिसलं. सव्वीसच्या खोक्यातून पिल्लं उशिरा यायची, मळकट तपकिरी झाक घेऊन, डोळ्यांतलं राखाडी धुरकट. साडेबत्तीसची लवकर यायची, लिंबासारखी पिवळी, डोळे चकचकीत. काका खूश व्हायचे. "बघ. सगळो उबेचो खेळ."

पण काळ्या डोळ्यांचं पिल्लू तिन्ही खोक्यांत निघालं. थंडातही आणि गरमातही. एकाचा डोळा अर्धाच काळा निघाला, पुढचा भाग काळा आणि मागे राखाडी चंद्रकोर. काळं किती भरतं यात उबेचा हात असेल-नसेल, ते कोणी छातीठोक सांगत नव्हतं. पण काळं येणार की नाही, यात तो दिसत नव्हता. दुसऱ्या हंगामाअखेर फ्रिजच्या दारावर एकोणीस ओळी होत्या आणि त्यातल्या पाच ओळींपुढे 'काळे'. आणखी एकीपुढे 'अर्धे'.

शेवटचं काळं पिल्लू साडेबत्तीसच्या खोक्यातून निघालं, तार एकदाही न जळता. सुट्टीचा दिवस होता, दुपारची वेळ, ताटात बांगडे साफ करून ठेवले होते. काका पिल्लाकडे बघत खाली फरशीवरच बसले.

"आता खंय पळतलंय," ते म्हणाले.

मला वाटलं, पिल्लू निसटलं. मी पाय वर घेतले. पण काका स्वतःबद्दल बोलत होते.

मग त्यांनी मला सांगितलं. त्यांची मुलगी वैशाली गावी जन्मली, काकींच्या माहेरी. बारशाला काका मुंबईहून गेले. पोर गोरीगोमटी, आणि डोळे घारे. काकांचे डोळे काळेभोर, काकींचेही. काकांची बहीण मोठ्या आवाजात म्हणाली, "आमच्यात घारे कोण नाय हां." एवढंच. बाकी कोणी काही बोललं नाही. मुंबईला आल्यावर काकांनी काकींना एकदा विचारलं, ह्या डोळे कोणाचे? काकी बाळाला पाजत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझ्या पोरीचे."

"बस. त्याच्यानंतर तिना एक शब्द काढल्यान नाय, मीपण नाय. माका वाटला, टाळता. आता कळता, दुसरा उत्तर नव्हताच." काका बोलत होते आणि बांगड्यांवर माशी बसत होती, तिलाही हाकलत नव्हते. "मी काय मारलंय नाय गो. शाळा केली, कॉलेज केला, लगीन करून दिलंय. फक्त चेडवाच्या डोळ्यांत बघूक नाय. कपाळाकडे बघायचंय. केसांतल्या रिबनीकडे बघायचंय."

काकी मी यायच्या चार वर्षं आधीच गेल्या होत्या. समोरच्या बाईंनी 'दोन मुलीच' म्हटल्यावर काका का चिडले होते, ते मला आता कळलं.

मी गोंधळले होते. वैशालीताईंना मी चांगली ओळखत होते. मुलुंडला राहतात, बँकेत काम करतात. महिन्यातून एका रविवारी यायच्या, डबे घेऊन, आणि गणपतीत दोन दिवस. "औषध घेता ना?" "घेतंय." "पंखा दुरुस्त केलात?" "केलंय." एवढंच त्यांचं बोलणं व्हायचं.

"पण काका, ताईंचे डोळे तर तपकिरी आहेत."

"डोळ्यांत रंगीत भिंगां लावता," काका म्हणाले. "हय येताना लावता. बेसिनवर डबी विसरलेली एकदा, ती बघलंय. मुंबईभर घारी फिरता, बापाच्या घरात येताना तपकिरी होता."

मग जे कोणालाही सुचेल ते मी सुचवलं. हल्ली तपासणी होते, थुंकीवरूनसुद्धा कळतं.

काकांनी मान हलवली. "ती केली तर काय होतला? त्या पोरीक परत एकदा विचारल्यासारखा होतला, तू कोणाची? एकदा विचारून झाला ना. आता माका खात्री पाहिजे म्हणान तिचा तोंड उघडायचा? नको. जी चूक चाळीस वर्षां केली, तीच मशीन लावून करूची नाय."

माणसाच्या डोळ्यांचं गणित पालींपेक्षा पुष्कळ गुंतागुंतीचं असतं, हे मी नंतर वाचलं. तिथे दोन चिठ्ठ्या नसतात, ढीगभर असतात. पण दोन काळ्याभोर डोळ्यांच्या आईबापांना घारं मूल होतं, हे तिथेही तितकंच खरं. मी ते काकांना वाचून दाखवलं. "म्हायती हां," ते म्हणाले. "वाचून दाखवूची गरज नाय."

पुढच्या वेळी वैशालीताई आल्या तेव्हा काकांनी मला वरून बोलावून घेतलं. "तू हय बस. तुझो धंदो शब्दांचो. मी अडाकलंय तर एखादो दे."

ते खूपच अडखळले. सुरुवात पालीपासून केली. ताईंना ओढत फ्रिजच्या दाराशी नेलं, एकोणीस ओळी दाखवल्या, नर, मादी, चिठ्ठ्या, सव्वीस, साडेबत्तीस. ताई डब्याचं झाकण हातात धरून ऐकत होत्या, म्हाताऱ्या माणसाचं कौतुक ऐकावं तशा. मग काका बहिणीच्या वाक्यावर आले आणि ताईंनी झाकण खाली ठेवलं.

काकांनी सगळं सांगितलं. मला एकही शब्द द्यावा लागला नाही. शेवटी ते म्हणाले, "तुझ्या आवशीवर आळ घेतलंय. तोंडान एकदाच. मनात रोज."

ताई म्हणाल्या, "मला माहीत आहे, बाबा. मी पाचवीत असताना आत्यानेच सांगितलं होतं."

"आणि तुझी आवस?"

"आईला मी तेव्हाच विचारलं. ती म्हणाली, बाबा वाईट नाहीत, हट्टी आहेत. कधीतरी तुझ्याकडे नीट बघतील, मग त्यांचं त्यांना कळेल." त्यांचा आवाज अजून शांत होता. "ती वाट बघत होती, बाबा. शेवटी ती आजारी होती तेव्हासुद्धा मला म्हणायची, भिंग काढून जा त्यांच्यासमोर. मीच नाही गेले. आणि तुम्ही हे सगळं एका पालीकडून शिकलात. पालीसमोर दोन वर्षं बसलात!"

मग तो आवाज फुटला. त्या उठून बेसिनकडे गेल्या. परत आल्या तेव्हा तळहातावर दोन इवल्याशा तपकिरी चकत्या होत्या. काकांच्या समोर उभ्या राहून त्या म्हणाल्या, "कॉलेजपासून लावतेय. या घरात शिरताना जिन्याखाली उभी राहून. आरसा नसला तरी आता जमतं मला." चकत्या टेबलावर ठेवल्या, पर्स घेतली आणि गेल्या. डबे तसेच राहिले. त्यात तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं होतं, काकांच्या आवडीचं.

त्या दिवशी काका जेवले नाहीत. संध्याकाळी मी खाली गेले तर म्हणाले, "ती हय उभी होती ना, अगदी समोर, मी बघूक गेलंय. चाळीस वर्षांनी मान वर केलंय. आणि माका काय दिसूक नाय गो. नुसता धुरकट. रडूक येत होता म्हणान समाजलंय, पण आतापण तसाच दिसता."

डोळ्यांच्या डॉक्टरकडे मी त्यांना कितीदा चला म्हटलं होतं. ट्यूबलाइट खराब आहे, पेपरची शाई फिकी आहे, अशी कारणं सांगून त्यांनी टाळलं होतं. या वेळी ते स्वतः शर्ट घालून तयार झाले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगले पिकलेले. डॉक्टर म्हणाले, रंग तर तुम्हाला कितीतरी वर्षं नीट दिसतच नसतील. आधी एक डोळा करू, घरचं कोणीतरी बरोबर आणा.

"हीच आसा घरची," काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ते उत्तर कोणाला टाळण्यासाठी होतं तेही मला दिसत होतं.

वैशालीताईंनी दोन महिने फोन केला नव्हता. मी केला. ऑपरेशनचं सांगितलं. पलीकडे बँकेतला गलबला ऐकू येत होता. मग त्यांनी विचारलं, "कुठला डोळा?" मी म्हटलं, उजवा. "तारीख सांग," त्या म्हणाल्या.

ऑपरेशनच्या दिवशी त्या आल्या, सह्या केल्या, औषधं आणली, काकांशी मोजकं बोलल्या. काकांच्या डोळ्यावर पट्टी आणि वरून काळा चष्मा, त्यामुळे दोघांचीही सोय झाली. जेवणाचा डबा त्यांनी उघडून हातात दिला आणि कुठल्या वाटीत काय आहे ते सांगितलं. काका शहाण्यासारखे जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोरिवलीच्या त्या छोट्या दवाखान्यात पट्टी काढायची होती. सिस्टरने पट्टी सोडवली, डोळा कापसाने पुसला, थेंब घातले आणि म्हणाली, "हळूच उघडा, आजोबा." काकांनी डोळा उघडला. आधी त्यांनी खिडकीच्या पडद्याकडे बघितलं. "ह्यो निळो हां?" त्यांनी मला विचारलं. निळाच होता. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू सावळी आसस होय!" सिस्टर हसली. मीही हसले.

ताई दाराशी उभ्या होत्या. काका त्यांच्याकडे वळले. ताईंनी कपाळावर आलेली बट मागे केली आणि पुढे आल्या. भिंगं नव्हती.

काका बघत राहिले. सिस्टरने ट्रे उचलला, फाइलवर काहीतरी लिहिलं, निघून गेली, तरी ते बघतच होते.

"घारे खंय," शेवटी ते हळू आवाजात म्हणाले. "कडेन हिरवे आसत. मधी मध घातल्यासारखे." मग थोडे पुढे वाकले. "आणि ह्या डाव्यात खाली एक ठिपको आसा. तपकिरी. बारीक."

"आहे," ताई म्हणाल्या. "तो आईशिवाय कोणी बघितला नव्हता."

 सिस्टरने बजावलं होतं, डोळ्यांत पाणी आणायचं नाही, टाके ओले होतील असं काहीतरी. काकांनी घाईघाईने मान खाली घातली.

ताईंनी कोपऱ्यातलं स्टूल पायाने ओढलं, खिडकीच्या उजेडात ठेवलं, आणि त्यांच्या अगदी समोर बसल्या.

"मान वर करा, बाबा," त्या म्हणाल्या. "बघा. मी आज सुट्टी घेतलीय."